लामणदिव्याखालची जोडी

आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे पोरांना मोकळं रान, असं हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचं मत होतं. मी शास्त्र शिकवायची, आणि माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची. पण शेजारच्या वर्गात स्वामी सर असले की भिंतीपलीकडून अख्खा वर्ग ओरडायचा, "कुत्रं! सर, कुत्रं!" जरा शांतता झाली की पुन्हा, "चपला! सर, चपला!" नवी होते तेव्हा मी चिडून चिडून अर्धी झाले. एक दिवस हातातला खडू टाकला आणि तणतणत गेलेच तिकडे.

बघते तर काय, सगळी पोरं बाकं सोडून फळ्यापाशी गोळा झालेली आणि सर स्वतः शेवटच्या बाकावर. फळ्यावर एका परदेशी रंगाच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर टांगलेलं. गिरणीच्या रंगखात्यात कामाला असलेल्या मित्रानं ते त्यांना दिलं होतं. तारखांचा भाग कापून टाकलेला, उरलं होतं नुसतं चित्र.

"या बाई," सर म्हणाले. "तुमीच सांगा, काय दिसतंय?"

"नवरा-बायको दिसतायत. आणि वर्गात गोंधळ दिसतोय."

"समोरचं कुणालाबी दिसतंय की ओ. मागचं सांगा. चित्रातलं खरं सामान मागं असतंय."

मी भांडायला गेले होते आणि तास संपेपर्यंत तिथंच उभी राहिले. चित्र पाचशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं. चित्रकाराचं नाव इतकं अवघड की सर ते कधी उच्चारायच्या भानगडीत पडत नसत. "आपला तो" म्हणत. एक व्यापारी आणि त्याची बायको आपल्या खोलीत उभे आहेत. तिच्या अंगावर घोळदार हिरवा झगा, तिचा हात त्याच्या हातात. पायाशी एक केसाळ कुत्रं. बाजूला काढून ठेवलेली लाकडी पादत्राणं. खिडकीत फळं. मागच्या भिंतीवर गोल आरसा, आणि वर छताला पितळी झुंबर. त्यात भर दिवसा एकच मेणबत्ती जळतेय, तीही नवऱ्याच्या बाजूची.

"कुत्रं म्हंजे इमान," सर बोट न लावता दाखवायचे. "पायताण काढलंय, म्हंजे ही जागा देवळासारखी. आणि दिवसाढवळ्या एकच मेणबत्ती का? उजेडासाठी न्हवं. देव बघतोय म्हणून. आपल्याकडं गाभाऱ्यात नंदादीप असतोय की, तसं."

पोरं आ वासून ऐकत. सोलापुरापलीकडचं जग न पाहिलेली, विडी कामगारांची, विणकरांची पोरं, पण त्या व्यापाऱ्याच्या घरात कुठं काय ठेवलंय ते त्यांना स्वतःच्या घरापेक्षा जास्त ठाऊक होतं.

सर होते किडकिडीत. कपाळावर विभूतीची तीन बोटं, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी ब्रश, आणि डावा डोळा बारीक करून बघायची सवय. ही सवय चित्रापुरती असती तर ठीक होतं. पण हा माणूस स्टाफरूममध्ये सगळ्यांनाच असं बघायचा. शाळेचा ग्रुप फोटो छापून आला, तेव्हा आम्ही सगळे आपापलं थोबाड शोधत होतो, हे म्हणाले, "बाई, क्लार्कभाऊसाहेबांचा हात बघा. खुर्चीच्या पाठीवर ठेवलाय, पण खुर्ची हेडमास्तरांची हाय." मी त्यांना दटावलं. पुढं हेडमास्तर बदलून गेले आणि सहा महिने शाळा क्लार्कभाऊसाहेबांनीच चालवली. सरांनी नुसता डोळा बारीक केला.

संस्थापकांचं तैलचित्र काढायचं काम आलं तेव्हा तर त्यांनी कहरच केला. संस्थापक वारले होते. सात रस्ता चौकात त्यांचं मोठं दुकान, आणि चिंगूसपणाबद्दल गावभर ख्याती. सरांनी त्यांना फेटा बांधून, छाती काढून, असं काही बसवलं की विश्वस्त मंडळी हरखून गेली. मला मात्र सरांनी हळूच दाखवलं. संस्थापकांची मूठ आवळलेली होती, आणि मुठीखाली मिटलेली छत्री. "कायम मिटलेली," सर म्हणाले. "दुसऱ्याच्या डोक्यावर कधी उघडली न्हाई." आणि फेट्यावर एक माशी! हुबेहूब. "माशी कशाला?" मी विचारलं. "कितीबी मोठा माणूस असला तरी शेवटी माशी बसतीच की ओ." अनावरणाच्या दिवशी संस्थापकांच्या चिरंजीवांनी भाषण थांबवून ती रुमालानं हाकलली, उडेना तेव्हा पुन्हा हाकलली. मी पदर तोंडात कोंबून बाहेर पळाले. आमचा शिपाई तर पुढं रोज सकाळी त्या माशीला फडकं मारायचा. कुणी सांगितलं नाही त्याला. मीही नाही.

ह्या माणसाच्या घरी मी जायला लागले ती त्यांच्या बायकोमुळं, महादेवी वहिनींमुळं. बाळीवेशीत एका वाड्याच्या मागच्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या. मूलबाळ नव्हतं. वहिनी अक्कलकोटाकडच्या, बोलणं निम्मं कानडी, आणि जिभेला धार अशी की माझी बोथट वाटावी. मला त्या 'अक्का' म्हणत. दारात पाऊल टाकलं की, "यावा अक्का, बसा. तुमचे सर भिंतीसंगट बोलायलेत. संपलं की चहा टाकते."

सरांना दोघांचं चित्र काढायचं होतं. त्या कॅलेंडरातल्यासारखं, जोडीनं उभं. वहिनींचा एकही फोटो नव्हता. लग्न खेड्यात झालं, तिथं कुठला फोटोवाला! पुढं सर कितीदा स्टुडिओत चला म्हणाले, तर वहिनींचं एकच उत्तर: "आमच्या माहेरी भिंतीवर फोटो मेलेल्यांचे असतात. मला काय झालंय?" चित्राला मात्र त्या तयार झाल्या. चित्र म्हणजे काही फोटो नव्हे.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी सरांनी ते सुरू केलं. मांजरपाटाचा मोठा तुकडा ताणून बसवला, त्यावर सरस आणि पांढरा रंग चढवला, आणि रोज संध्याकाळी वहिनींना उभं करायला लागले. कॅलेंडरातलं एकूण एक सामान त्यांनी आपल्या घरात आणलं. झग्याच्या जागी हिरवं इरकली लुगडं. खिडकीत वैरागच्या बाजारातली बोरं. झुंबराऐवजी पाच वातींचा लामणदिवा, वहिनींच्या माहेरचा. आणि वहिनींचा नुसता धडाका चालू असे.

"कुत्रं? ह्या घरात? लिंगपूजा होती हितं!"

"चित्रात, गं. चित्रातलं कुत्रं विटाळ करत न्हाई."

"आणि चपला मधोमध? लोक म्हणतील, ह्या बाईला चपला उचलून ठेवायचं वळण न्हाई."

मी हसत बसायची. एकदा त्या पुढं वाकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "पाच वाती, आणि पेटलेली एकच? तीबी तुमच्याच बाजूची? माझ्या बाजूला नुसती काजळी!"

"मूळ चित्रात तसंच हाय. एक वात म्हंजे देव बघतोय."

"अय्यो! देव बघतोय तो तुमच्याच बाजूला बसून व्हय?"

सर इतके हसले की ब्रश खाली पडला. काजळीचंही तसंच होतं. कॅलेंडरात बायकोच्या बाजूला झुंबरावर एक काळपट ठिपका होता. स्वस्तातली छपाई, काय आहे ते धड कळत नव्हतं. पण मूळ चित्रात आहे म्हणजे अर्थ असणार, असं म्हणून सरांनी तो इमानेइतबारे उतरवला. वहिनींच्या डोक्यावरची वात विझलेली, काजळी धरलेली काढली. आणि मागच्या आरशात, दारात उभी असलेली, तिळाएवढी मला काढलं. "साक्षीदार लागतोय बाई," म्हणाले. "आपल्या त्यानंबी आरशात दोघं काढलेत." मी चष्मा लावून पाहिलं तर त्या तिळाएवढ्या बाईच्याही कपाळावर माझी आठी होती.

चित्र संपत आलं होतं. वहिनींचं पोट मधूनमधून दुखायचं. उभं राहून राहून दुखतंय, असं त्याच म्हणायच्या आणि आम्हीही तेच धरून चाललो होतो.

त्या थंडीत चित्रकलेच्या सरकारी परीक्षेसाठी मुंबईहून एक परीक्षक आले. चांगला मनुष्य, सौम्य, विद्वान. वर्गातलं कॅलेंडर पाहून त्यांना कोण आनंद झाला! पोरांनी सगळं सामान घडाघडा ओळखून दाखवलं तेव्हा तर त्यांनी सरांची पाठ थोपटली. मग स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणाले, "एक मात्र तुम्ही मुलांना सांगत नाही वाटतं. बायकोच्या बाजूला जो ठिपका आहे ना, ती विझलेली मेणबत्ती आहे. नुसतं मेण उरलंय. काहीजण म्हणतात, चित्र काढलं तेव्हा ती बाई हयातच नव्हती. नवऱ्यानं मागाहून काढवून घेतलं, ती असल्यासारखं. नवऱ्याची मेणबत्ती चालू, तिची विझलेली. काय सुंदर कल्पना आहे, नाही?"

सरांनी कप खाली ठेवला. शाळा सुटायची घंटा व्हायला वेळ होता, पण ते उठले, सायकल काढली आणि निघून गेले. परीक्षकांना वाटलं, आपण काही चुकीचं बोललो. मी म्हटलं, नाही हो, त्यांना काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर लामणदिव्यावर वहिनींच्या बाजूची वात पेटलेली होती. काजळीवर पिवळा रंग नीट बसला नव्हता. हळकुंडासारखी दिसत होती ज्योत. सर म्हणाले, "वाळू दे. उद्या दुसरा हात मारतो." आणि मग माझ्याकडं न बघता, "बाई, हिला काही सांगू नका."

वहिनींच्या पोटात गाठ निघाली ती त्यानंतर थोड्याच दिवसांत. तिथून पुढं सगळं आपल्या हाताबाहेर गेलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं, मिरजेच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि शिवून परत पाठवलं. सरांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, जे खायला मागतील ते द्या.

मला राग आला. कुणाचा ते आजही सांगता येत नाही. डॉक्टरांचा नाही, त्यांनी केलं ते केलं. मी शास्त्र शिकवणारी बाई. पेशी कशा वाढतात ते मी फळ्यावर काढून दाखवत होते, आणि बाळीवेशीत माझ्यादेखत एक चांगली ठणठणीत बाई वाळत चालली होती आणि मला तिच्यासाठी ताकभाताचा डबा नेण्यापलीकडं काही येत नव्हतं.

आणि हा माणूस वाती लावत होता! दर आठ-पंधरा दिवसांनी एक. दुसरी झाली, तिसरी झाली. शेवटी पाचही पेटल्या. चित्रातला उजेड पार बिघडला. सावल्या एकीकडं, ज्योती दुसरीकडं. एरवी पोराच्या चित्रात असली चूक झाली असती तर सरांनी कान धरला असता. एक दिवस माझा संयम सुटला. वहिनी आत झोपल्या होत्या. मी दबक्या आवाजात म्हटलं, "सर, काय चालवलंय हे? तुम्ही काजळी काढलीत म्हणून गाठ झाली नाही. गाठ त्याच्याआधीची आहे. आणि हा रंग आहे. औषध नाही."

"मला ठाऊक हाय बाई," ते म्हणाले. ब्रश थांबला नाही. "तुमी सांगताय ते सगळं पटतंय. पण मी दुसरं करू काय? ह्या हाताला दुसरं काय येतंय?"

मी ताकभाताचा डबा चुलीपाशी ठेवला आणि घरी आले.

वहिनींना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ती बाई काय दुधखुळी होती? एका दुपारी सर शाळेत आणि मी सुट्टी टाकून त्यांच्यापाशी बसलेली. त्यांनी अंथरुणावरूनच चित्राकडं बघितलं. "अक्का, आधी एकच वात होती. आता पाच. तेल कोण घालणार एवढं?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"मला कळतंय ओ. हे मला वाचवायलेत." बोलताना दम लागायचा. "लावू दे. माझं काय बिघडतंय! रोज संध्याकाळी माझ्याकडं बघत बसतात तेवढं तरी. एरवी भिंतीकडं बघायचे." मग एकदम जुन्या धारेनं म्हणाल्या, "फकस्त ते कुत्रं काढायला सांगा. मी जायच्या आधी घर शुद्ध पाहिजे."

सरांनी कुत्रं काढलं. त्याच्या जागी फरशी रंगवली. वहिनींना उशाला टेकवून बसवलं आणि दाखवलं. "आता बरं दिसतंय," त्या म्हणाल्या.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली, पाळणे उतरवले गेले, त्या आठवड्यात वहिनी गेल्या. भर दुपारी, सर त्यांचे पाय चेपत असताना. पाचही वाती समोर लखलखत होत्या. मी पोहोचले तेव्हा सर चित्राकडं बघत नव्हते. त्यानंतर त्यांनी त्या दिव्याचं नावही काढलं नाही.

वहिनींच्या दिवसकार्याच्या आदल्या दिवशी मी मदतीला गेले होते. वहिनींचे धाकटे भाऊ अक्कलकोटाहून येऊन सगळं बघत होते. कर्ता माणूस, रडत रडत कामं करणारा. वहिनींना ते अक्कव्वा म्हणत. त्यांनी विचारलं, "अक्कव्वाचा फोटो कुठं हाय? हार घालायला पाहिजे उद्या."

फोटो नव्हताच. होतं ते हे चित्र, जोडीचं.

आपल्याकडं अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. जोडीच्या फोटोला हार घालत नाहीत. जित्या माणसाच्या गळ्यात मेलेल्याचा हार म्हणजे भलताच अपशकुन. मग स्टुडिओत जाऊन लग्नातल्या फोटोतून एकालाच वेगळं काढून मोठं करून आणायचं. भाऊ सात रस्त्याला जाऊन आले. फोटोवाला म्हणाला, चित्राचा फोटो काढून, वेगळा करून द्यायला चार दिवस लागतील. कार्य उद्यावर. घरात म्हाताऱ्या बायका कुजबुजायला लागल्या. एक म्हणाली, चित्राला कापडच हाय न्हवं, कापा की.

मी म्हटलं, "काय बोलताय तुम्ही! एवढं वर्षभर..." पण माझं कोण ऐकणार? मी आरशातली तिळाएवढी बाई.

सर म्हणाले, "कापा."

भावाला ते धाडस होईना. मग सरांनीच मांजरपाट चौकटीवरून उतरवला, जमिनीवर पसरला आणि कात्री मागितली. वरून सुरुवात केली. लामणदिवा दुभंगला. आरसा सरांच्या बाजूला गेला, त्याच्याबरोबर मीही. कात्री खाली सरकत हातांपाशी आली आणि थांबली. चित्रात वहिनींचा हात सरांच्या तळहातावर ठेवलेला होता. सरळ कापलं असतं तर वहिनींची बोटं तुटली असती.

"तिचा हात कापू नका, दाजी," भाऊ म्हणाले.

"न्हाई कापत," सर म्हणाले. त्यांनी कात्री वळवली आणि स्वतःच्या मनगटावरून कापलं. मग पुन्हा सरळ खाली.

वहिनींचा भाग भिंतीला लावला. चेहरा काय सुंदर उतरला होता, आता काहीतरी बोलतील असा. पण त्यांच्या हाताखाली एक पुरुषाचा हात, मनगटापर्यंत, नुसताच. म्हाताऱ्या बायकांच्या तो लगेच डोळ्यांवर आला. जित्या माणसाचा हात मेलेल्या बाईच्या फोटोत! भाऊ अवघडून म्हणाले, "दाजी, तुमी रंगवणारे. तेवढ्यावर हिरवा मारा. लुगड्यात जाईल."

सरांनी बशीत हिरवा रंग काढला. तेल घातलं, ब्रश भिजवला, चित्रापाशी गेले. सकाळपासून हा माणूस जे सांगतील ते करत होता. अंघोळ करा, केली. इथं बसा, बसला. कापा, कापलं. मला बघवेना, मी चुलीकडं तोंड फिरवलं. मग सरांचं बोलणं ऐकू आलं.

"राहू दे हात. तिला सवय हाय."

मी वळून बघितलं. ते ब्रश पुसत होते. म्हाताऱ्या बायका उठून कामाला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भावानं हार आणला तो चांगला लांब, जाड, शेवंतीचा. त्यानं तो चित्राला घातला, मागं सरून बघितलं, आणि पुन्हा पुढं होऊन दोरा आखडून वर बांधला, हात झाकू नये म्हणून.